स्पीकर एकदम, बाकीचं सावकाश : पाचगणीत उत्तम आवाजाचा खर्च

दीड लाख रुपये बाजूला पडले आहेत आणि घरी नीट गाणं ऐकायचं आहे. चांगला संच एकदम घ्यावा, की पंचवीस हजारांपासून सुरुवात करून दर दोन वर्षांनी वरचा घ्यावा? दुकानदार पहिलं सांगतो, मित्र दुसरं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये दोघांचंही थोडंफार खरं असतं. पाचगणी समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात ढग खिडकीतून घरात येतात आणि यंत्र बिघडलं तर ते पसरणी घाट उतरून पुण्याला न्यावं लागतं. इथला हिशेब वेगळाच मांडायला हवा.

खाली दिलेले भाव ठोकळ आहेत आणि त्यांत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. कंपनी, हंगाम आणि तुमची घासाघीस यांनुसार ते पुढे-मागे होतील, पण खर्चाचं एकमेकांशी असलेलं प्रमाण सहसा बदलत नाही.

आधी कागदावर

पायरी-पायरीने चढणाऱ्याचं गणित असं. पहिला संच २५,००० रुपयांचा. दोन वर्षांनी तो १२,००० ला विकून ६०,००० चा घेतला. आणखी दोन वर्षांनी तोही ३०,००० ला काढला आणि शेवटी १,५०,००० चा आणला, म्हणजे जो पहिल्या दिवशीच मनात होता तोच. खर्च झाले २,३५,०००, परत आले ४२,०००, पदरचे गेले १,९३,०००. चढण्याचीच किंमत ४३,००० रुपये. तीसुद्धा जुन्याला गिऱ्हाईक मिळालं तर. वाई-पाचगणीत अॅम्प्लिफायरला गिऱ्हाईक मिळणं अवघड, ते पुण्यातच शोधावं लागतं. दोन स्पीकर गाडीत घालून जाऊन यायचं तर टॅक्सीचे साडेतीन-चार हजार आणखी धरा.

एकदम घेणाऱ्याकडे रोख असेल तर त्याचे दीड लाखच जातात. रोख नसेल आणि १५ टक्के व्याजाने चोवीस हप्त्यांत घेतलं, तर हप्ता साधारण ७,२७० रुपयांचा बसतो आणि एकूण १,७४,५०० च्या आसपास जातात. म्हणजे व्याज भरूनही तो चढणाऱ्यापेक्षा अठरा-एकोणीस हजारांनी स्वस्तात सुटतो. दुकानदार हेच गणित दाखवतो आणि आकड्यांपुरतं ते बरोबर आहे. ‘बिनव्याजी हप्ता’ म्हटलं की मात्र दोन गोष्टी विचारायच्या. रोखीने घेतलं तर किती सूट आहे, आणि बँक प्रक्रिया शुल्क व व्याजावरचा जीएसटी लावते का? बहुतेक वेळा लावते, आणि रोखीवरची सूटही हातची जाते.

मग एकदम घेऊनच टाकावं? नाही. या हिशेबात संच म्हणजे एकच वस्तू आहे असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात तो चार-पाच वेगवेगळ्या आयुष्यांच्या वस्तूंचा असतो. स्पीकर म्हणजे लाकडी खोकं, चुंबक, कागदाचा किंवा तत्सम शंकू आणि तारेचं वेटोळं. त्यात सॉफ्टवेअर नसतं. नीट ठेवला तर वीस-पंचवीस वर्षं सहज चालतो आणि तंत्रज्ञान बदललं म्हणून टाकाऊ होत नाही. अॅम्प्लिफायर दहा-पंधरा वर्षं. इंटरनेटवरून गाणी खेचणारा स्ट्रीमर पाच-सहा वर्षांतच म्हातारा होतो, कारण कंपनी अॅपची देखभाल थांबवते आणि यंत्र धडधाकट असूनही मुकं होतं. पैसे आयुष्य बघून लावायचे. जे टिकतं ते एकदाच आणि चांगलं घ्यावं, जे लवकर जुनं होतं ते स्वस्तात घ्यावं.

ओल कोणाला खाते

महाबळेश्वरच्या मानाने पाचगणीत पाऊस बराच कमी, हे इथला प्रत्येक माणूस अभिमानाने सांगतो. आवाजाच्या यंत्रांना त्या फरकाचं काही वाटत नाही. त्यांना पावसापेक्षा हवेतली ओल छळते, आणि जून ते सप्टेंबर ती कपाटातल्या चपलांवरही बुरशी आणते.

स्पीकरच्या शंकूभोवती जी मऊ कड असते, ती फोमची आहे की रबराची हे खरेदीआधी विचारा. जाळी काढून बोटाने हलकेच दाबून पाहिलं तरी कळतं. फोम स्पंजासारखा हलका आणि खरखरीत लागतो, रबर गुळगुळीत आणि लवचिक. दमट हवेत फोम दहा-पंधरा वर्षांत चिकट होतो, मग त्याचा भुगा पडतो आणि जोराच्या स्वराला स्पीकर फडफडू लागतो. जुन्या बाजारातले नामांकित परदेशी स्पीकर कधीकधी आश्चर्यकारक स्वस्त मिळतात त्याचं एक कारण ही कड असतं. ती बदलून मिळते, कारागीर चांगला असेल तर उत्तम मिळते, पण तो खर्च किमतीत धरायचा. पाचगणीसाठी रबरी कडच घ्यावी, हे माझं ठाम मत.

अॅम्प्लिफायरचं दुखणं बटणात सुरू होतं. आवाजाची कळ फिरवताना खरखर येऊ लागली की आतल्या पट्टीवर गंज किंवा धूळ बसली म्हणून समजा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा काही शे रुपयांत मिळतो आणि त्याने पुष्कळदा भागतं. त्याहून सोपा उपाय म्हणजे यंत्र वापरात ठेवणं. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवलं तर आतल्या उष्णतेने ओल उडते. यातून एक निष्कर्ष निघतो, तो काहींना आवडणार नाही. बंगला पाचगणीत आणि राहणं मुंबईत असेल, घर जूनमध्ये कुलूप लावून ऑक्टोबरमध्ये उघडत असेल, तर महागडा संच इथे ठेवूच नका. तीस-चाळीस हजारांत भागवा आणि उरलेले पैसे मुंबईच्या घरात घाला.

बारमाही राहणाऱ्याने ओल शोषणारं यंत्र घ्यावं. मध्यम खोलीपुरतं बारा ते वीस हजारांत येतं. तबकड्या असतील तर हा खर्च टाळता येणार नाही. बुरशी आधी पुठ्ठ्याच्या वेष्टनावर धरते, मग खाचांत उतरते, आणि एकदा उतरली की सुई तिला नांगरत जाते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नये. सिलिका जेलच्या पुड्या ठेवून विसरून जाण्यात अर्थ नाही. त्या ओल्या होतात, त्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्या लागतात.

खोलीचे पैसे आधी काढा

दगडी भिंती, फरशी, मोठ्या काचेच्या खिडक्या, वर पत्रा आणि खाली लाकडी तक्तपोशी, असं इथलं जुनं घर राहायला सुंदर आणि गाणं ऐकायला कठीण. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून किणकिणणारी शेपटी ऐकू आली तर तुमच्या लाखाच्या स्पीकरमधलं निम्मं काम ती भिंत बिघडवणार आहे. श्रोत्याच्या आणि स्पीकरच्या मध्ये जाड गालिचा, खिडक्यांना जड पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेली मांडणी एवढं केलं की फरक लगेच जाणवतो. खर्च दहा ते बारा हजार, पुस्तकं घरात असतीलच. हे आधी करा आणि मग स्पीकर निवडायला जा. हे न करता संच बदलत राहणारे लोक मी पाहिले आहेत. प्रत्येक नव्या संचात त्यांना तोच दोष सापडतो.

पत्र्यावर धुवाधार पाऊस पडत असताना कुठलाच संच ऐकण्याजोगा राहत नाही. त्यावर इलाज संचात नाही, छतात आहे. तक्तपोशीच्या वर खनिज लोकरीचा थर घालता येतो, पण तो खर्च घराच्या दुरुस्तीत धरा.

आवाज किती मोठा हवा? खोकं विकणारे वॅट सांगतात, त्यातही ‘पीएमपीओ’ नावाचा हजारांतला आकडा दिसला तर तो वाचूच नका. आरएमएस वॅट विचारा, आणि स्पीकरची संवेदनशीलता विचारा. एक मीटरवर एका वॅटला ८७ डेसिबल देणारा स्पीकर बारा बाय चौदाच्या खोलीत रोजच्या ऐकण्याला दोन-चार वॅटही खात नाही. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. तीस-चाळीस वॅटचा प्रामाणिक अॅम्प्लिफायर पुरतो. शंभर वॅटसाठी वीस हजार जादा मोजण्याचं कारण नाही.

शेजाऱ्यांचा प्रश्न आहेच. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. पाचगणी हे शाळांचं गाव, तेव्हा आपलं घर कुठे येतं ते नगरपरिषदेत विचारून ठेवलेलं बरं. फ्रेडी मर्क्युरी इथल्याच सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि शाळासोबत्यांबरोबर त्याचा ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँडही होता, पण रात्री अकराला त्याचा दाखला शेजारी ऐकून घेत नाहीत.

दुकानात काय ऐकायचं

पुण्या-मुंबईच्या दुकानात तुम्हाला जे ऐकवतात ते दुकानाने निवडलेलं असतं. ढोलाचा दणका आणि काचेसारखी गिटार पहिल्या दोन मिनिटांत कोणालाही जिंकते. आपण रोज जे ऐकतो तेच घेऊन जावं. खयाल, नाट्यसंगीत, भावगीत ऐकणाऱ्याला उत्तम कसोटी आपल्याच मुलखात आहे, ती म्हणजे मिरजेचा तंबोरा. त्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. गाण्याआधी तंबोरा मोकळा वाजतो आहे असं एखादं चांगलं ध्वनिमुद्रण फोनमध्ये ठेवा आणि तेवढंच पुन्हा पुन्हा लावायला सांगा.

पंचम, दोन जोडाच्या तारा आणि खर्ज या चारही छेडल्या जाताना सुट्या कळल्या पाहिजेत आणि तरी एकमेकींत मिसळल्या पाहिजेत. जवारीचा झंकार हा खरा गुंतागुंतीचा भाग. घोडीवर तार घासून जे वरचे स्वर उमटतात, ते वाईट ट्वीटरवर कर्कश होतात. दहा मिनिटांनी कान थकतात, आणि का थकले हे कळत नाही. म्हणून किमान अर्धा तास बसा. दुकानदाराने चुळबुळ केली तर करू द्या.

खर्जाचा हिशेब तर आकड्यांत करता येतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ वर. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज २०८ आणि खर्ज १०४. साडेपाच-सहा इंची वूफरचा चांगला बुकशेल्फ स्पीकर साठ-पासष्ट हर्ट्झपर्यंत उतरतो. म्हणजे ही गायकी ऐकायला सबवूफरची गरज नाही, तीस-चाळीस हजार तिथेच वाचले. फोनच्या इवल्या स्पीकरवरही तंबोरा ओळखू येतो, कारण नसलेला खर्ज आपला मेंदू भरून काढतो. चांगल्या स्पीकरवर त्याला ते काम करावं लागत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंद, रॉक किंवा सिनेमा हे तुमचं मुख्य ऐकणं असेल तर मात्र मोठे उभे स्पीकर किंवा सबवूफर लागेल, आणि दीड लाखाचा आकडा अडीचकडे सरकेल.

कलकत्त्याची सोनोडाइन १९७० पासून इथेच स्पीकर बनवते. वॉर्फडेल, केईएफ, यामाहा, डेनॉन, मरांट्झ ही नावं दुकानात भेटतीलच. याच पैशांत कोणी चांगलं, कोणी फार चांगलं आहे. नावापेक्षा पुण्यात दुरुस्ती होते का, हा प्रश्न आधी.

वीज

जिथे लोक शेवटी पैसे घालतात, तिथे आधी घालावेत. एप्रिल-मेमधला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. अर्थिंग तपासून घ्या. जुन्या बंगल्यांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्याला मागे काहीच जोडलेलं नसतं. नवं अर्थिंग पाच ते आठ हजारांत होतं, सर्ज प्रोटेक्टर दीड-दोन हजारांना. जवळ पडलेल्या विजेपुढे तोही हात टेकतो. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा आणि इंटरनेटची तांब्याची तारही काढा. कितीतरी यंत्रं विजेच्या वायरीतून नव्हे, त्या तारेतून जळतात.

इन्व्हर्टर स्वस्तातला, चौकोनी लहरींचा असेल तर अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. साइन वेव्हचा घ्या. जपानहून किंवा अमेरिकेहून नातेवाईक यंत्र आणणार असतील तर मागच्या पट्टीवर १०० किंवा १२० व्होल्ट लिहिलंय का ते फोटो मागवून पाहा. आपली वीज २३० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर जोडून व्होल्टचं काम भागतं, पण विजेच्या लहरींवर चालणाऱ्या मोटरचा जुना टर्नटेबल ६० हर्ट्झसाठी बनवला असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने हळू फिरतो. गाणं दीड-दोन स्वर खाली उतरतं. सौद्यात हे कोणी सांगत नाही.

तर पैसे असे लावा

पहिल्या वर्षी रबरी कडेचे बुकशेल्फ स्पीकर ६०,००० पर्यंत. हे एकदाच आणि मनाजोगे. जड स्टँड ७,०००. तांब्याची साधी अडीच चौरस मिलिमीटरची वायर दीड हजारात. हजारो रुपये मीटरच्या केबलचा विषय दुकानदाराने काढला तर चहा मागवावा. अॅम्प्लिफायर सुरुवातीला छोटाच, १८,००० चा. फोनमधून गाणी वाजवायला यूएसबीचा लहान डॅक ३,०००. खोलीचे १२,००० आणि विजेचे १०,०००. झाले १,११,५००. हातात ३८,५०० उरतात, त्यांतून ओल शोषणारं यंत्र घ्या आणि बाकीचे बँकेत ठेवा.

एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. आपल्याला खरोखर रोज किती ऐकायला होतं, काय कमी पडतं, हे तेव्हा कळतं. मग वाटलं तर ४५,००० चा अॅम्प्लिफायर घ्या. जुना ९,००० ला गेला तरी या बदलात तुम्ही नऊच हजार गमावता, आधीच्या चढणीत ४३,००० गेले होते. पुष्कळांना हा बदल करावासाच वाटत नाही, आणि ते ठीक आहे.

टर्नटेबल सर्वांत शेवटी. घरात वडिलांच्या तबकड्या असतील तरच. हौस म्हणून सुरू केलं तर यंत्र तीस-पस्तीस हजारांचं, सुई दर काही वर्षांनी दोन-चार हजारांची, आणि नव्या तबकड्या प्रत्येकी दोन-तीन हजारांना. इथे खर्च यंत्रात नसून सवयीत आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या असतील तर आणखी एक काळजी घ्या. स्वस्त टर्नटेबलांना अनेकदा ३३ आणि ४५ एवढ्याच गती असतात. ७८ ची खाच रुंद असते, तिला एलपीच्या बारीक सुईच्या जवळपास चौपट जाडीची सुई लागते. एलपीच्या सुईने ती वाजवली तर आवाजापेक्षा खरखर जास्त, आणि सुईचंही नुकसान.

जुन्या बाजारातून घ्यायचंच असेल तर अॅम्प्लिफायर घ्या, तोही तासभर चालवून आणि दोन्ही बाजू सारख्या वाजतात हे ऐकून. स्पीकर जाळी काढून दाखवले तरच. सीडी प्लेयर आणि स्ट्रीमर जुना घेऊ नका.

बिलाशिवाय नको

‘बिल नको असेल तर दहा टक्के कमी करतो’ हे वाक्य कानावर येईलच. तो माल बहुधा अधिकृत आयातदाराचा नसतो आणि वॉरंटी फक्त दुकानदाराच्या तोंडची असते. बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या, वॉरंटी कोण देतं ते लेखी घ्या, खोकी आणि आतला थर्मोकोल माळ्यावर जपा. घाटाच्या वळणांतून उघडा अॅम्प्लिफायर पुण्याला नेणं म्हणजे दुसऱ्या दुरुस्तीची सोय.

वस्तू सदोष निघाली आणि दुकान दाद देत नसेल, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्हाला तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा करता येतो. म्हणजे खरेदी मुंबईची असली तरी साताऱ्यात. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर दाव्याचं शुल्क नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

खरेदी दिवाळीच्या सुमारास करा. तेव्हा सवलती असतात, हवा कोरडी होऊ लागलेली असते, आणि वॉरंटी किमान एक वर्षाची असेल तर पहिला पावसाळा पूर्णपणे तिच्यात येतो. ओलीमुळे काही बिघडायचंच असेल तर ते पुढच्या दिवाळीआधी बिघडू दे, आणि सप्टेंबरअखेर आवाजाची कळ, रिमोट, दोन्ही स्पीकर, मागची प्रत्येक जोडणी तपासून जे खटकेल ते वॉरंटी संपण्याआधी लेखी कळवा.